बी.पी.एड. करू का? मैदान, अभ्यास आणि नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या कॉलेज अभ्यासाबद्दल प्रश्न मागवले होते, तर पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप धरून भरपूर आले. बरेचसे एकसारखेच होते म्हणून त्यातले सहा निवडलेत. मी बरीच वर्षं बी.पी.एड.च्या (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन) मुलांना शिकवलंय, त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कबड्डी खेळतो, इंटर कॉलेजला खेळलोय. घरचे म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर, मित्र म्हणतात बी.पी.एड. कर. बी.पी.एड. करून नोकरी लागते का आणि ॲडमिशन कशी होते? (गेवराई, जि. बीड)

आधी ॲडमिशनचं सांगतो कारण ते सोपंय. कुठल्याही शाखेची पदवी ५० टक्क्यांनी आणि सोबत किमान इंटर कॉलेज, झोनल, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेत भाग घेतल्याचं सर्टिफिकेट असलं की तू पात्र आहेस. राज्य किंवा नॅशनल खेळलेला असशील तर ४५ टक्केही चालतात, आणि राखीव प्रवर्गाला नियमाप्रमाणे सवलत आहे. महाराष्ट्रात यासाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा (सीईटी) असते, त्यात लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी दोन्ही. खूप मुलं मैदानावर भरवसा ठेवून लेखीकडे बघतच नाहीत आणि तिथेच मागे पडतात, सामान्य ज्ञान, खेळांची माहिती, बुद्धिमत्ता हे सगळं विचारतात तेव्हा रोज तासभर तरी पुस्तक उघड. कोर्स आता २ वर्षांचा आहे, ४ सेमिस्टर. शिक्षक घडवणाऱ्या कोर्सचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईचे २०१४ चे नियम येण्याआधी तो १ वर्षाचा होता, त्यामुळे गावातले जुने सर "वर्षात होतं रे" म्हणतील, ते त्यांच्या काळातलं.

आता नोकरी. खरं तेच सांगतो. अनुदानित शाळेत पूर्णवेळ क्रीडा शिक्षकाच्या जागा कमी निघतात, कारण संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं त्यात, पटसंख्येवर सगळं ठरतं आणि लहान शाळांमध्ये हे पद बसतच नाही. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक सांगितलेत, अंशकालीन, हे नीट वाच. मला ही तरतूद पहिल्यापासून खुपते. आठवड्यातून काही तास येणारा माणूस मुलांच्या आरोग्यावर काय नि किती काम करणार? पण दुसरीकडे प्रायव्हेट इंग्लिश मिडीयम शाळा आहेत, केंद्रीय विद्यालयं आहेत, नवोदयमध्ये तर पुरुष आणि महिला असे दोन वेगवेगळे क्रीडा शिक्षक (पीईटी) असतात. सीबीएसईत अकरावी-बारावीला फिजिकल एज्युकेशन हा ऐच्छिक विषय आहे, ७० मार्कांची थिअरी आणि ३० चं प्रॅक्टिकल, तो शिकवायला माणसं लागतात. म्हणजे नोकऱ्या आहेत पण गेवराईतच हवी म्हणून बसलास तर अवघड जाईल.

पोलीस भरतीचं म्हणशील तर दोन्हींची तयारी एकत्र करता येते, धावणं दोन्हीकडे लागतंच. पण बी.पी.एड.ला येण्याआधी स्वतःला एक विचार, तुला चांगलं खेळणाऱ्या ७ जणांना घेऊन टीम बनवायला आवडेल की वर्गातल्या साठही पोरांना, ज्यात निम्म्यांना धड पळता येत नाही, त्यांना शिकवायला आवडेल? फक्त टीमच बनवायची असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा आहे, १९६१ पासून ती संस्था कोच घडवतेय, तिथे जा. बी.पी.एड. हा शिक्षकाचा कोर्स आहे, यातल्या 'एड'चं वजन मोठंय.

प्रश्न : माझी मुलगी खो-खो राज्यस्तरावर खेळली, बारावी सायन्सला ८२ टक्के आहेत. तिला शारीरिक शिक्षणातच जायचंय. नातेवाईक म्हणतात एवढे मार्क असून पीटीची बाई होणार का. मी काय उत्तर देऊ? आणि बारावीनंतर थेट काही आहे का? (मिरज)

ताई, नातेवाईकांना उत्तर द्यायची गरज नाही, पण तुमच्या मनात जी शंका त्यांनी पेरलीय तिला उत्तर द्यायला पाहिजे.

तुमच्या मुलीचं सायन्स वाया जाणार नाही, उलट इथे येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे तेच नसतं. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमावर नुसती नजर टाका, ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, आरोग्य शिक्षण आणि पर्यावरण, योग, क्रीडा मानसशास्त्र, किनेसिऑलॉजी (हालचालींचं शास्त्र) आणि बायोमेकॅनिक्स, मापन व मूल्यमापन, संशोधन आणि संख्याशास्त्र. ऐच्छिकमध्ये स्पोर्ट्स मेडिसिन, न्यूट्रिशन. ज्यांना वाटतं की शिट्टी आणि सावधान-विश्राम एवढंच असतं त्यांना ही यादी दाखवा.

आणि हे काही आजचं नाहीये. १९३७ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली तिचे अध्यक्ष स्वामी कुवलयानंद होते, लोणावळ्याच्या कैवल्यधामचे, ज्यांनी १९२४ पासून योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून तपासायचं काम चालवलं होतं. पुढच्याच वर्षी कांदिवलीला शिक्षक घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे या विषयाचा पाया घालताना शास्त्राची जाण असलेला माणूस पुढे होता. पुढे शाळांनी त्याची कवायत करून टाकली ते वेगळं.

खो-खोचं म्हणाल तर जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. अशा मुली कुठल्यातरी शाळेच्या मैदानावरूनच वर येतात, आणि त्या मैदानावर कोणीतरी बाई किंवा सर उभे असतात. मुलींच्या बाबतीत तर बाई असणं फार महत्त्वाचं, सातवी-आठवीत पाळी सुरू झाली की कितीतरी मुली मैदान सोडतात, त्यांच्याशी मोकळं बोलणारं कोणी नसतं म्हणून.

बारावीनंतर थेट म्हणाल तर ३ वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, काही ठिकाणी बी.पी.ई., काही ठिकाणी बी.पी.ई.एस. म्हणतात. त्यानंतर बी.पी.एड.ला ४५ टक्क्यांवर प्रवेश मिळतो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनची संस्था, ज्यांची मुलं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली होती. पुण्यात आगाशे कॉलेज आहे. बाहेर जायची तयारी असेल तर ग्वाल्हेरचं एलएनआयपीई (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था), १९५७ ला सुरू झालेलं, आता अभिमत विद्यापीठ आहे. जाऊन बघून या, हॉस्टेल बघा, मुलींसाठी चेंजिंग रूम आणि पाण्याची सोय बघा, तिथल्या मुलींशी बोला, वेबसाईटवरच्या फोटोवर जाऊ नका.

प्रश्न : सर मी बी.पी.एड. फर्स्ट सेमला आहे, सकाळी मैदान आणि दुपारी थिअरी, ॲनाटॉमीच्या तासाला डोळेच मिटतात, नावं तर अजिबात लक्षात राहत नाहीत. माझं आर्ट्स झालंय. पास होईन ना? (अमरावती)

होशील गं. नावं लक्षात राहत नाहीत कारण तू ती वहीत शोधतेयस, ती तुझ्या अंगावर आहेत. उद्या वॉर्मअप करताना मांडीच्या मागच्या बाजूला हात लाव आणि गुडघा वाकव, जो कडक होतो तो हॅमस्ट्रिंग, त्यात तीन स्नायू आहेत, बायसेप्स फिमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. पहिला बाहेरच्या बाजूला, बाकीचे दोन आतल्या. स्प्रिंटला तुमच्यातल्या एखादीचा हाच खेचला जातो तेव्हा मग ते नाव विसरत नाही. रोज एक सांधा घ्यायचा, त्याची हाडं कोणती, तो कुठल्या दिशेने हलतो, कोण हलवतो, एवढंच आणि मैत्रिणीला मोठ्याने सांगायचं. २०६ हाडं एका रात्रीत पाठ करायला जाऊ नकोस.

हेच पुढे चौथ्या सेमिस्टरला किनेसिऑलॉजीत कामाला येतं. मान हलवतो तो पहिल्या प्रकारचा तरफ, टाचा उचलून चवड्यावर उभं राहतो तो दुसऱ्या प्रकारचा, डंबेल उचलताना कोपर वाकतं तो तिसऱ्या प्रकारचा. आता पाया कच्चा राहिला तर तेव्हा सगळंच परकं वाटेल.

झोपेचं मात्र गंभीरपणे घे. पहाटे मैदानावर येताना पोटात काय असतं? नुसता चहा असेल तर दुपारी डोळे मिटणारच. उठल्यावर केळं किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे-गूळ, मैदान संपल्यावर लगेच पोळीभाजी किंवा पोहे पोटभर, उसळ आणि अंडं किंवा दूध दिवसात कधीतरी. आणि हिमोग्लोबिन तपासून घे, आपल्याकडच्या मुलींमध्ये ते कमी असणं इतकं सर्रास आहे की थकवा आळस समजला जातो. तुमचं कॉलेज तपासणी करत नसेल तर सरकारी दवाखान्यात होते.

प्रश्न : तिसऱ्या सेमचे सराव पाठ चालू आहेत, मला जी शाळा मिळालीय तिथे वर्गात ६८ मुलं, दोन व्हॉलीबॉल आणि एक फाटकी दोरी. पाठ टाचणात (तासाच्या आराखड्यात) लिहिलेलं काहीच होत नाही. चार-पाच मुलं रोज "सर पोटात दुखतंय" म्हणून झाडाखाली बसतात. काय करू? (नंदुरबार)

सगळ्यात आवडलेला प्रश्न हा, कारण खरं शिक्षण इथेच सुरू होतं.

दोन बॉल आणि ६८ मुलं म्हणजे व्हॉलीबॉल शिकवायचा नाही, एवढं आधी पक्कं कर. दोन बॉलवर व्हॉलीबॉल घेतलास की १२ खेळतील आणि ५६ बघतील, आणि बघणारी मुलं मस्ती करणार, मग तू ओरडणार. त्याऐवजी मैदानावर फक्कीने सहा जागा आख. एकीकडे लंगडी, एकीकडे दोरीच्या उड्या, एकीकडे भिंतीवर चेंडू मारून झेलणे (जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू बनव, एका संध्याकाळी दहा होतात), एकीकडे आखलेल्या रेघेवरून तोल सांभाळत चालणे, एकीकडे तुझे दोन बॉल घेऊन जोडीत पास देणे, एकीकडे बसून पाय लांब करून पुढे वाकणे. सहा गट कर, प्रत्येकात अकरा-बारा मुलं, प्रत्येक ठिकाणी ४ मिनिटं आणि शिट्टीवर पुढच्या जागेला. २४ मिनिटं झाली, आधी ५ मिनिटं वॉर्मअप, शेवटी ४ मिनिटं शिथिलीकरण, जागा बदलण्यात दोनेक मिनिटं, ३५ मिनिटांचा तास बरोबर भरतो. प्रत्येक गटाला एक गटनायक दे आणि तो रोज बदल, हुशार खेळाडूलाच दरवेळी करू नकोस. टाचणात खेळाचं नाव लिहिण्याऐवजी या तासात मूल काय करायला शिकेल ते लिही, मग टाचण आणि मैदान जुळायला लागेल.

आता झाडाखालची मुलं. त्यांना ओढून आणायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. एकेकाशी वेगळं बोल, सगळ्यांसमोर अजिबात नाही. पोटात दुखण्यामागे काय काय असतं सांगतो, सकाळपासून काही खाल्लेलं नसतं, पायात चप्पल नसते आणि तापलेल्या मातीवर पाय भाजतात, मुलीची पाळी असते, जाड मुलाला पळताना बाकीचे हसतात, कोणाला दमा असतो आणि घरच्यांनी शाळेला सांगितलेलं नसतं.

आणि तू नंदुरबारला आहेस म्हणून हे मुद्दाम लिहितोय, तुझ्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला उन्हात पाणी न देता जोरात पळवलं तर त्याला भयंकर वेदनांचा झटका येऊ शकतो, लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून. अशा मुलाला "नाटकं करतो" म्हणून दोन राऊंड जास्त मारायला लावणारे शिक्षक आहेत, हे ऐकलं की मला फार त्रास होतो. सिकलसेल असलेलं मूल खेळू शकतं, त्याला मधे मधे पाणी, सावलीत विश्रांती, दमला की थांबायची मोकळीक आणि ताप किंवा अंगदुखी असेल तर सुट्टी एवढं द्यायचं, बाकी डॉक्टर सांगतील तसं. केंद्र सरकारचं सिकलसेल मिशन जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणीची कार्डं वाटलीत, वर्गशिक्षकांना विचार की कोणाची तपासणी झालीय. ही माहिती स्वतःपुरती ठेव, वर्गात नाव घेऊन सांगू नकोस.

शाळेत आठवड्याला निळी लोह-फॉलिकची गोळी देतात ना, ती खरंच पोटात जाते का खिशात, तेही बघ. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं म्हणून मुलं टाळतात, दुपारच्या जेवणानंतर दे. वजन-उंची घ्यायची असेल तर आडोशाला एकेकाला बोलव, आकडा मोठ्याने वाचू नकोस, आणि मोठ्या माणसांचा बीएमआयचा तक्ता लहान मुलांना लावू नकोस, त्यांना वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी प्रमाणे वेगळा तक्ता असतो.

अजून एक, कोलांटीउडी किंवा मल्लखांबाला आधार देताना कुठे हात लावणार आणि कशासाठी हे मुलाला आधी सांग, मग हात लाव, मूल नको म्हणालं तर थांब. मुलींच्या गटाला शक्यतो मुलींनाच आधार द्यायला शिकव. सराव पाठातच ही सवय लागली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. आपल्या वेळापत्रकात आठवड्याला दोन-तीन तासिका मिळतात, त्यातला निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. म्हणून तुझ्या ३५ मिनिटांत झाडाखालची पाच मुलं उठून रेघेवरून चालली तरी तो तुझा चांगला पाठ, निरीक्षक किती मार्क देतात ते देऊ दे.

प्रश्न : एक संस्था घरबसल्या डिस्टन्स बी.पी.एड. देते म्हणते, फी पण कमी आहे. घ्यावं का? (नाव नको, सोलापूर)

नका घेऊ. एनसीटीईच्या नियमात बी.पी.एड. दूरशिक्षणाने करता येत नाही. पैसे भरण्याआधी कुठल्याही कॉलेजची एनसीटीई मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता दोन्ही तपासा, एजंटने मोबाईलवर दाखवलेलं पत्र धरू नका.

प्रश्न : मी विनाअनुदानित शाळेत ९ वर्षं क्रीडा शिक्षिका आहे, बी.पी.एड. झालंय, वय ३८. परीक्षा जवळ आली की माझे तास गणित-विज्ञानाला जातात, वर मलाच परीक्षेला सुपरव्हिजन. आता एम.पी.एड. आणि सेट करून कॉलेजला जावं असं वाटतं. उशीर झाला का? (पुणे)

उशीर झालेला नाही ताई, सेटला (कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) वयाची अट नाही. पण हिशोब नीट मांडा. एम.पी.एड. म्हणजे बी.पी.एड.नंतरचं पदव्युत्तर शिक्षण, ते २ वर्षांचं रेग्युलर आहे, नोकरी सांभाळून होत नाही, म्हणजे रजा किंवा राजीनामा. बी.पी.एड.ला ५० टक्के असतील तर प्रवेशाला पात्र आहात, सीईटी द्यावी लागेल. मग एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट. कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाला यूजीसीने शारीरिक क्षमता चाचणीही ठेवलीय, महिलांना ८ मिनिटांत ३० वयापर्यंत १००० मीटर, ४० पर्यंत ८००, ४५ पर्यंत ६००, ५० पर्यंत ४०० मीटर. पुरुषांना १२ मिनिटांत १८००, १५००, १२०० आणि ८००. तुम्हाला जड जाणार नाही. अडचण आहे ती जागांची, कॉलेजच्या भरत्या वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या पैशांवर, काम करावं लागतं. घरात दुसरा पगार असेल तर धाडस करा, नसेल तर आधी नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि मोठ्या सीबीएसई शाळांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, वयोमर्यादा मात्र प्रत्येक जाहिरातीत आधी बघा.

तास जातात त्याबद्दल. भांडून उपयोग होत नाही हे तुम्हालाही माहितीय, कागद ठेवून होतो. जून-जुलैत सगळ्या मुलांची चाचणी घ्या, खेलो इंडियात ९ वर्षांवरच्या मुलांसाठी आहे तशीच, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे-चालणे, सिट अँड रीच (बसून पुढे वाकणे), कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे उचलणे), पुश-अप, उंची-वजन. नोव्हेंबरात परत घ्या. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करून पालक सभेत ज्याचं त्याच्या पालकाच्या हातात द्या. पालकाला जेव्हा दिसतं की आपल्या पोराला ६०० मीटर चालतसुद्धा पूर्ण करता येत नाही तेव्हा तो स्वतः मुख्याध्यापकांना विचारतो की पीटीचा तास का होत नाही, आणि विनाअनुदानित शाळेत पालकाचा शब्द तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा जड असतो. शिवाय नववी-दहावीला आणि अकरावी-बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे, त्याचं मूल्यमापन तास न घेता कशाच्या आधारावर भरायचं हे लेखी विचारा. आवाज चढवू नका, नुसतं लेखी विचारा आणि पोचपावती घ्या. तुमच्या शाळेत कला शिक्षकांचेही तास जात असतील, त्यांना सोबत घेऊन जा.

कार्डाचा नमुना हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, माझ्याकडे मराठीत तयार आहे, पाठवतो. पुढच्या अंकात दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांबद्दलचे प्रश्न घेऊ, ते बरेच आलेत.